ऑल व्हील ड्राइव्ह घेताय? आधी टायर बघा

कोकणात घर आणि घाटावर नोकरी असलेल्या माणसाला गाडी घेताना हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. पुढची दोन चाकं ओढणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी, की चारही चाकांना ताकद पोचवणारी ऑल व्हील ड्राइव्ह? आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. अँबॅसॅडर आणि पद्मिनीची मागची चाकं गाडी ढकलायची. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या घरोघरी दिसू लागल्या. फोर बाय फोर ही सरकारी जीपची गोष्ट होती. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही ऑल व्हील ड्राइव्हचं मॉडेल मिळतं. घाटाचं नाव काढलं की विक्रेता ते सुरक्षिततेच्या नावाखाली पुढे करतो आणि घरातली मोठी माणसंही म्हणतात, 'घेऊन टाक, जिवापुढे पैसा काय!'

इथेच गल्लत होते. आमच्या घरात ती कशी उघड झाली ते सांगतो, कारण दर दसऱ्याला आणि पाडव्याला माझ्या ओळखीतली कुणी ना कुणी माणसं याच समजुतीवर पैसे मोजताना मला दिसतात.

माझा धाकटा भाऊ देवरुख-कोल्हापूर असा सतत ये-जा करणारा. त्याने ऑल व्हील ड्राइव्ह घेतली ती शोरूममधल्या एका वाक्यावर: 'घाटात ही गाडी रस्ता सोडणारच नाही.' पुढची काही वर्षं गाडीने त्याला कसला त्रासही दिला नाही. मग एका जूनमध्ये आम्ही सगळे आंबा घाट उतरून साखरप्याकडे येत होतो. नुकताच पाऊस लागला होता. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल, धूळ आणि डोंगरातून वाहून आलेली माती यांचा जो बुळबुळीत थर तयार होतो, तो सगळीकडे होता. एका वळणापलीकडे झाड पडल्यामुळे एक टेम्पो उभा होता. भावाचा वेग फार नव्हता. त्याने ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होतं, पण गाडी सरळ घसरत गेली आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आदळली. रेडिएटर फुटला, बॉनेट वाकलं आणि वहिनीच्या मनगटाचं हाड मोडलं. दरीच्या बाजूला गेलो नाही, एवढंच नशीब.

गाडी चारही चाकांनी चालते तर चारही चाकांनी थांबायला नको का, असं भाऊ कितीतरी दिवस विचारत होता. उत्तर असं की रस्त्यावरची प्रत्येक मोटार चारही चाकांनीच थांबते. अगदी लहानात लहान हॅचबॅकलासुद्धा चारही चाकांवर ब्रेक असतात. ऑल व्हील ड्राइव्ह फक्त इंजिनची ताकद वाटून देते. ती उपयोगी पडते निघताना, चढताना, रुतलेली गाडी बाहेर काढताना. ब्रेक लावला की तिचं काम संपतं. तिथून पुढे सगळा भार टायरच्या रबरावर आणि रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार जागांवर असतो. शिवाय मागचा शाफ्ट, डिफरन्शियल, कपलिंग यांचं जादा वजनही त्याच टायरांना आवरावं लागतं.

याहून धोक्याची एक बाजू आहे आणि ती मला शोरूममध्ये कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळालेली नाही. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी निसरड्या रस्त्यावर चालकाला सावध करते. निघताना पुढचं चाक जागेवर फिरतं, स्टेअरिंग हलकं लागतं, ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो. चालक समजतो की आज रस्ता वाईट आहे, आणि पाय आपोआप आखडता घेतो. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावर काहीच न झाल्यासारखी निघते. रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतं ते थेट ब्रेक दाबल्यावर. माझ्या भावाची त्या दिवशी नेमकी हीच फसगत झाली. तो बेफिकीर नव्हता. गाडीने त्याला काही जाणवूच दिलं नव्हतं.

पुढची गोष्ट गाडी ओढून नेण्याची. क्रेनवाल्याने सवयीप्रमाणे पुढची चाकं उचलली आणि मागची जमिनीवर ठेवून गाडी ओढायची तयारी केली. साखरप्याहून आलेले वयस्कर मेस्त्री धावत पुढे झाले. 'ही चारी चाकांची हाय, अशी ओढलीत तर मागचा गिअर जाईल,' असं म्हणत त्यांनी त्याला थांबवलं. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते किंवा चारही चाकं उचलावी लागतात, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पुस्तक भावाच्या डॅशबोर्डात पडून होतं. घाटातल्या किती क्रेनवाल्यांकडे सपाट ट्रक असतो, हाही विचार गाडी घेण्याआधीच केलेला बरा.

मेस्त्रींनी मग टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली की नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर उरली असं समजायचं. आपल्या मोटार वाहन नियमांतली किमान मर्यादाही तीच आहे. भावाचे टायर तिथपर्यंत जवळजवळ पोचले होते. कायद्याने चालतील असे, कोकणातल्या पावसाला मात्र न चालणारे. पाणी बाजूला फेकायला खाच खोल लागते. मला विचाराल तर जूनच्या तोंडावर नक्षी 3 मिलिमीटरच्या आत आली असेल तर टायर बदलून टाकावेत. टायरच्या अंगावर चार अंकी आकडाही असतो. 3122 म्हणजे 2022 सालच्या 31 व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या गाडीचे टायर गुळगुळीत होत नाहीत, पण रबर कडक होतं आणि ओल्या डांबरावरची पकड जाते. घरी उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हे सहसा लक्षात येत नाही.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये टायरचा खर्चही वेगळा असतो. एक टायर फाटला म्हणून एकच नवा घातला की त्याचा घेर इतर तिघांपेक्षा मोठा भरतो, आणि मधल्या कपलिंगला वाटतं की कुठलं तरी चाक घसरतंय. ते सारखं राबत राहतं आणि तापतं. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले लागतात. डिकीतलं जादा चाक लहान मापाचं असेल तर त्यावर किती अंतर जायचं तेही पुस्तिकेत बघून ठेवावं.

एवढं सगळं असूनही ऑल व्हील ड्राइव्ह निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या घराकडे जाणारा शेवटचा चढ जुन्या काँक्रीटचा आहे. श्रावणात त्यावर हिरवं शेवाळ धरतं. माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी तिथे तोंड वर करून चढवली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरत राहतात. भावाची गाडी त्याच चढावर सहज वर येते. मेस्त्रींनीच मला त्यावरचा उपाय दाखवला: असा चढ रिव्हर्समध्ये चढायचा. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, इंजिनाचं आणि उताराचं मिळून वजन त्यांच्यावर पडतं आणि पकड मिळते. मागे बघायला कुणीतरी हवं, चढ छोटा हवा आणि चालकाचा हात बसलेला हवा. पण रोज सकाळ-संध्याकाळ असा चढ, चिखलाची पाणंद किंवा आंब्याच्या बागेतली तांबड्या मातीची वाट ज्याच्या वाट्याला आहे, त्याने ऑल व्हील ड्राइव्हसाठी पैसे मोजावेत. ते वाया जाणार नाहीत.

मात्र पाणंदीत बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा चेंबरला लागत असेल, तर चारही चाकांना ताकद असून भागत नाही. तिथे गाडीची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची. आणि खडकाळ, उभ्या चढावर भारलेली गाडी न्यायची असेल तर ऑल व्हील ड्राइव्हसुद्धा अपुरी पडते. तिथे लो गिअर असलेली जिम्नी किंवा थार फोर बाय फोर लागते. या गाड्यांमध्ये फोर बाय फोर आपण स्वतः लावायचं असतं, आणि ते कोरड्या डांबरावर लावायचं नसतं. वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. त्यामुळे गिअरबॉक्सवर ताण येतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हे काम कॉम्प्युटर सांभाळतो. दोन्हींना सरसकट 'फोर बाय फोर' म्हणणाऱ्या विक्रेत्याला लो गिअर आहे का, एवढं नक्की विचारा.

पैशांचा हिशेब एका गाडीवरून सांगतो. मारुतीची ग्रँड व्हिटारा 2022 मध्ये आली तेव्हा मॅन्युअल गिअरच्या अल्फा मॉडेलमध्ये फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि ऑलग्रिप (म्हणजे मारुतीची ऑल व्हील ड्राइव्ह) यांच्या शोरूम किमतीत दीड लाखाचा फरक होता. कंपनीने जाहीर केलेलं अ‍ॅव्हरेज फ्रंट व्हील ड्राइव्हला लिटरमागे 21.11 किलोमीटर, ऑलग्रिपला 19.38. त्याच गाडीचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल 27.97 देतं असा दावा होता, पण ते ऑल व्हील ड्राइव्हमध्ये नव्हतं. म्हणजे वर्षभर डांबरावर धावणाऱ्या माणसाने शेवाळ्याच्या भीतीने ऑलग्रिप घेतली तर तो हायब्रिडलाही मुकतो. दीड लाखात उत्तम टायरचे कितीतरी संच येतात. खालच्या मॉडेलमध्ये ईएससी नसेल तर ते असलेलं मॉडेल घेण्यात पैसे घालावेत. घसरणारी गाडी सरळ ठेवण्यासाठी ईएससी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं, आणि घाटातल्या वळणावर मी त्याला ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा वरचा मान देतो.

बर्फाच्या मुलखातही टायरचा विचार आधी होतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर असणं कायद्याने सक्तीचं आहे, मग गाडी दोन चाकांवर चालणारी असो की चार. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनीही ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून टायरमध्ये काटकसर करू नये. उलट मनालीकडे बर्फ पडला की अटल बोगद्याच्या दिशेने प्रशासन अनेकदा फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडतं, तेही खरं. पण आयुष्यात एकदा मनालीला जायचं असेल तर तिथली टॅक्सी करावी.

पाण्याबद्दल मात्र कुठलीही सवलत नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल तर ऑल व्हील ड्राइव्हचा कवडीचा उपयोग नाही. पाणी चढलं की गाडी तरंगू लागते, टायर जमिनीपासून सुटतात. इंजिनाने पाणी ओढलं तर आतले भाग वाकतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा सगळ्या तऱ्हेच्या गाड्या सारख्याच बुडाल्या. पाण्याने इंजिन गेल्यास साधा विमा बहुधा ते नुकसान भरून देत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. कोकणात राहणाऱ्याने ती घ्यावीच.

माझा सल्ला मागणाऱ्यांना मी हेच सांगतो. घराच्या दारापर्यंत डांबर असेल आणि घाट नेहमीचाच असेल, तर फ्रंट व्हील ड्राइव्ह घ्या, ईएससी बघून घ्या, टायरवर पैसे खर्च करा आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. शेवटचा चढ खरोखरच अडवत असेल, तर ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, पण गाडी सहज निघाली म्हणून सहज थांबेल असं मानू नका. ट्रायल शोरूमभोवती घेऊ नका. जुलैत आपल्याच पाणंदीवर, घरच्या माणसांना बसवून घ्या. तिथे गाडी आणायला विक्रेता तयार नसेल तर दुसरं शोरूम गाठा. आणि नवी गाडी ठरेल तेव्हा ठरेल, आज दारात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरचे ते चार अंक संध्याकाळपर्यंत वाचून घ्या.