पिवळा दिवा काय सांगतो?

एक वडापवाला होता. त्याची गाडी पेट्रोलवर चालणारी होती. बँकेचे कर्ज काढून घेतलेली. तिच्यावरच त्याचे घर चाले.

एके दिवशी बाजाराच्या वाटेवर गाडी हिसके मारू लागली. चढाला तिचा दम तुटू लागला. समोरच्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागला. दिव्यात इंजिनाचे चित्र होते.

एकजण म्हणाला, "इंजिन गेलं गड्या!" दुसरा म्हणाला, "प्लग बदल, कॉइल बदल, सगळंच बदल." वडापवाला घाबरला. पण तो जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेला.

मिस्त्रीकाका म्हणाले, "दिवा लागला म्हणजे इंजिन गेलं असं नव्हं. गाडीत एक छोटं यंत्र असतं. ते इंजिनावर नजर ठेवतं. काही बिघडलं की खूण लिहून ठेवतं. ती आपण आधी वाचू या."

चालकाच्या गुडघ्यापाशी एक खाच असते. तिच्यात काकांनी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे खूण वाचणारे यंत्र. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. पुढे ती आपल्याकडेही आली.

स्कॅनरवर पाच खुणा उमटल्या: पी ० ३ ० १. त्यांचा अर्थ असा :

पी : हे इंग्रजी अक्षर आहे. बिघाड इंजिनात किंवा गिअरमध्ये आहे.
० : या खुणेचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकच.
३ : ठिणगी पडण्यात किंवा पेट्रोल जळण्यात चूक आहे.
०१ : चूक पहिल्या सिलिंडरमध्ये आहे.

म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नव्हते. यालाच लोक 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात.

"मग कॉइल आणू का?" वडापवाल्याने विचारले.

"थांब दादा. खूण दुखणं कुठं आहे ते सांगते. कशानं आहे ते आपण शोधायचं."

या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल होती. कॉइल बॅटरीच्या विजेचा जोर वाढवते. मग प्लगमध्ये ठिणगी पडते. काकांनी गाडी बंद करून इंजिन निवू दिले. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची पहिल्याला. खूण वहीत लिहून घेतली आणि यंत्रातून पुसली. मग गाडी फिरवून आणली.

दिवा पुन्हा लागला. आता खूण आली पी ० ३ ० २. म्हणजे चूक कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेली. चोर सापडला! एकच कॉइल बदलली. गाडी सुरळीत चालू लागली.

खूण बदललीच नसती तर? मग प्लगची अशीच अदलाबदल करायची. तरीही खूण तीच राहिली, तर पेट्रोल सोडणारा इंजेक्टर आणि सिलिंडरमधला दाब तपासायचा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

दिवा नुसता लागला, तर गाडी लवकर दाखवून घ्या. दिवा उघडझाप करू लागला, तर वेग कमी करा आणि गाडी जपून बाजूला थांबवा. धुराच्या नळीत धूर साफ करणारा डबा असतो. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन जळते. डबा अतिशय तापतो आणि निकामी होतो. तो फार महाग असतो.

नुसती खूण पुसली म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. दुखणे राहिले तर दिवा पुन्हा लागतो.

मंडळी, आता तुम्हांला वाचता येते. 'पी' हे अक्षर आणि इंग्रजी आकडे तेवढे ओळखायला शिका. मिस्त्रीला म्हणा, "खूण दाखवा." ती कागदावर उतरून घ्या. कोणता भाग बदलला आणि का, ते विचारा. जुना भाग मागून घ्या. अक्षर येते त्याचा पैसा वाचतो.

प्रश्न
१. '०१' या आकड्यांवरून काय कळले?
२. काकांनी कॉइलची अदलाबदल का केली?
३. दिवा उघडझाप करू लागला तर काय कराल?