श्री. ना. पेंडसे : कोकणचे कादंबरीकार

एखाद्या कादंबरीतील माणसे उचलून दुसऱ्या प्रांतात नेऊन ठेवली, तरी ती कथा तशीच घडेल काय? 'होय' असे उत्तर आले, तर तेथील निसर्गवर्णन ही केवळ सजावट होय. 'नाही' असे आले, तर त्या कादंबरीस 'प्रादेशिक' म्हणता येते. या कसोटीस पुरेपूर उतरणारे मराठी लेखक म्हणजे श्रीपाद नारायण पेंडसे.

त्यांचा जन्म 1913 साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, मुर्डी या गावी झाला. शिक्षणासाठी ते बालपणीच मुंबईस आले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. त्यांनी 'बेस्ट' या उपक्रमात अनेक वर्षे नोकरी केली. त्या उपक्रमाचा इतिहासही लिहिला. म्हणजे कोकणचा हा कादंबरीकार आयुष्यभर राहिला मुंबईत! परंतु त्यात नवल नाही. पोटासाठी घाटावर किंवा मुंबईस जाणे आणि मन गावी ठेवणे, हे कोकणी माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

'एल्गार' (1949) आणि 'हद्दपार' (1950) या कादंबऱ्यांनी त्यांचे नाव वाचकांपुढे आले. 1952 साली प्रसिद्ध झालेल्या 'गारंबीचा बापू'ने मात्र ते घरोघरी पोहोचले. बापू हा गरीब, उपेक्षित घरातील मुलगा. गाव त्याला वाया गेलेला समजते. राधा या स्त्रीशी असलेला संबंध तो लपवीत नाही, त्यामुळे गावाचा रोष आणखी वाढतो. तरीही तो सुपारीच्या व्यापारात पैसा मिळवितो आणि त्याच गावात मानाने उभा राहतो. येथे सुपारीची बाग हे नुसते देखणे दृश्य नाही. ज्याच्या हाती बाग त्याच्या हाती सत्ता, आणि बापूचे बंड ज्या सत्तेविरुद्ध आहे, ती खोताची आहे.

खोत म्हणजे कोण, हे येथे समजून घेतले पाहिजे. सरकारचा सारा वसूल करून भरणारा, आणि त्या अधिकारावर कुळांना राबविणारा गावचा मालक, म्हणजे खोत. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात ती रद्द झाली 1949 च्या कायद्याने. पेंडसे यांनी त्याच सुमारास कादंबरीलेखनास प्रारंभ केला, हे ध्यानात घ्यावे. एक व्यवस्था मोडत असताना ते तिच्यातील माणसे पाहत होते. 'तुंबाडचे खोत' (1987) या दोन खंडांच्या कादंबरीत त्यांनी जगबुडी नदीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्या रंगविल्या. (2018 च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने नाव येथूनच घेतले, कथा मात्र निराळी आहे.)

'रथचक्र' (1962) ही त्यांची सर्वांत कठोर कादंबरी म्हणावी लागेल. नवरा घर सोडून गेला आहे, एकत्र कुटुंबात मान नाही, आणि मुलांनी शिकावे हा एकच ध्यास. त्यासाठी नायिका भरल्या घरातून बाहेर पडून परगावी बिऱ्हाड करते. तेथेही तिला सुख लाभत नाही. मूल शाळेत जावे म्हणून आईला काय काय सोडावे लागते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ही कादंबरी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या कादंबरीस 1963 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इंग्रज लेखक टॉमस हार्डी याने डॉर्सेट परगण्याचे जीवन आपल्या कादंबऱ्यांतून असेच अमर केले. पेंडसे यांची तुलना अनेकदा त्याच्याशी केली जाते. तथापि, 'लव्हाळी' (1966) ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मुंबईतील सामान्य माणसांवरची कादंबरीही त्यांचीच आहे, हे त्या तुलनेत विसरले जाते. त्यांचे निधन 2007 साली मुंबईत झाले.

विचार करा : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील असा कोणता व्यवसाय, नदी वा रूढी आहे, की जी काढून टाकल्यास तेथील माणसांची गोष्टच बदलून जाईल? आठ-दहा वाक्यांत लिहा. संवाद असल्यास ते तुमच्या बोलीतच लिहा.