जनरेटर फिरतो, पण व्होल्टेज येत नाही: कार्ड बदलण्याआधी काय तपासाल, किती खर्च येईल

पावसाळ्यात पोशीर, कळंब, नेरळच्या पट्ट्यात एकदा लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून पोल्ट्री, भातगिरणी, फार्महाऊस असलेली माणसं जुना जनरेटर बघतात आणि त्यात कधी लष्कराच्या निकाली मालातलाही हाती लागतो. संरक्षण खात्याचा असा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात विकला जातो, पुढे व्यापाऱ्यांमार्फत गावापर्यंत येतो. इंजिन दणकट असतं. दगा देतो तो बऱ्याचदा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतलं 'कार्ड'.

कार्ड बदला असं सांगणारे खूप भेटतात. बिघाड कार्डातच आहे हे तुमच्यासमोर दाखवणाऱ्यालाच काम द्या, कारण ही खात्री एका बॅटरीवर होते.

आधी इंजिनाचा वेग बघा. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. डिझेल फिल्टर तुंबला किंवा गव्हर्नर ढिला झाला की वेग पडतो, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की आजची बहुतेक कार्डं व्होल्टेज मुद्दाम कमी करतात. अशा वेळी दोष फिल्टरचा असतो आणि बिल कार्डाचं होतं. मल्टिमीटर घेताना हर्ट्झ दाखवणारा घ्या, हजार-दीड हजारात मिळतो.

वेग बरोबर असेल तर खरी परीक्षा. इंजिन बंद ठेवून कार्डाकडून फील्डला जाणाऱ्या दोन वायरी खुणा करून सोडवा. त्यांना १२ व्होल्टची बॅटरी धन-ऋण सांभाळून जोडा. लष्करी सेटना अनेकदा २४ व्होल्टचं स्टार्टिंग असतं, तेव्हा जोडीतली एकच बॅटरी घ्या. मग सगळा लोड काढून इंजिन चालू करा. तिन्ही फेजमध्ये ४१५च्या आसपास सारखं व्होल्टेज आलं तर अल्टरनेटर धडधाकट आहे, कार्ड गेलं. कमी किंवा असमान आलं तर डायोड किंवा वाइंडिंग तपासायला हवं, नवं कार्ड घालून काही होणार नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा.

सेट वर्षभर बंद पडून असेल तर कधी कधी फील्डमधलं शिल्लक चुंबकत्वच गेलेलं असतं. तेव्हा याच बॅटरीचा काही सेकंदांचा स्पर्श पुरतो, एक रुपयाही लागत नाही. व्होल्टेज उलट फार चढलं, एका फेजला २३०च्या जागी २८०-३०० दिसलं, तर लगेच बंद करा. कार्डाला व्होल्टेज कळवणारी सेन्सिंगची वायर तुटली की असं होतं. शेडमधल्या सेटला ती बरेचदा उंदरांनी कुरतडलेली असते.

आपल्याकडची पावसाळी ओल हा वेगळा विषय आहे. वाइंडिंग ओलं झालं तर मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, रीडिंग पडतं. एक मेगओहमच्या खाली असेल तर बल्बची ऊब देऊन वाळवा, तसंच चालवू नका. मेगर लावण्याआधी कार्ड सोडवलंय का ते विचारा. मेगरच्या ५०० व्होल्टनं चांगलं कार्डही जळतं.

खर्चाचे आकडे १५-२५ केव्हीएच्या सेटसाठी ढोबळ अंदाज म्हणून घ्या. नेरळ, कर्जत किंवा बदलापूरहून येणाऱ्या मिस्त्रीची फेरी पाचशे ते दीड हजार. डायोड बदलणं, खोलण्याच्या मजुरीसकट, अडीच ते पाच हजार. नकली कार्ड दीड ते साडेतीन हजारांत, कंपनीचं आठ ते पंधरा हजारांत, वर जीएसटी. जुन्या लष्करी सेटचं मूळ कार्ड मिळणं कठीण, म्हणून युनिव्हर्सल कार्ड बसवतात. ते चालतं, मात्र फील्डचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्यायला हवं. मुख्य वाइंडिंगचं रिवाइंडिंग वीस हजारांपासून पुढे. तिथवर गोष्ट गेली तर माझं मत स्पष्ट आहे: त्या पैशांत दुसरा अल्टरनेटर बघा.

अजून सेट घेतलाच नसेल तर नेमप्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लष्करात ४०० हर्ट्झचे आणि २८ व्होल्ट डीसीचेही सेट असतात. त्यावर तुमचा पंप चालणार नाही, आणि कार्ड बदलून तो सेट ५० हर्ट्झचा होत नाही. लिलावातला माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर जातो, नंतर कोणी दाद घेत नाही.

दुरुस्तीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा मॉडेल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या, जुनं कार्ड परत मागा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल हाती असेल तर रायगड जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही.

आणि चेंजओव्हर स्विच नसेल तर कार्डाआधी तो बसवा. त्याच्याशिवाय तुमच्या जनरेटरचा करंट महावितरणच्या लाइनमध्ये उलटा जातो, आणि तेव्हा खांबावर वायरमन चढलेला असतो.