गौरीजेवणातला आग्रह आणि मधुमेह

प्रश्न : मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गौरीजेवणाला सासरी सगळे जमतात. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असं म्हणत मोठ्या जाऊबाई पानात दुसरी पुरणपोळी वाढतातच. त्यांचं मन न दुखावता पथ्य कसं सांभाळू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, प्रसादाचा मान एका घासानेही राखला जातो. अर्धी पुरणपोळी चवीने खा. मात्र त्या जेवणात भात घेऊ नका. सुरुवात कोशिंबीर, भाजी आणि उसळीने करा, गोड शेवटी घ्या. तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं आधी पोटात गेली की रक्तातली साखर तुलनेने हळू वाढते. पुरण गुळाचं असलं तरी प्रमाण तेच ठेवा, कारण गुळानेही साखर वाढते.

नैवेद्याला उशीर होतो म्हणून सकाळपासून उपाशी राहू नका. काही गोळ्यांमुळे उपाशीपोटी साखर 70 च्या खाली उतरू शकते. सणाच्या दिवशी गोळ्या कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला.

आग्रहाचं म्हणाल, तर भर पंगतीत नकार देणं अवघड जातं. आदल्या दिवशीच जाऊबाईंशी बोला : ‘ताई, तुमच्या हातची पोळी मला आवडते, पण साखर वाढली की त्रास होतो. मला अर्धीच वाढाल ना?’ यजमानांनाही सोबत बोलू द्या. आग्रहामागे माया असते. कारण नीट कळलं की तीच माया तुमचं पथ्य सांभाळेल.