घरबसल्या डिजिटल फॅब्रिकेशन?

प्रश्न : मी बी.आर्क. असून सांगलीत नोकरी करते. कम्प्युटेशनल डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशन दूरशिक्षणाने शिकता येईल का?

उत्तर : पहिला भाग नक्की येईल. ऱ्हायनो आणि ग्रासहॉपर ही सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर उत्तम शिकता येतात. रोज तासभर बसा, आणि स्वतःच्याच एखाद्या जुन्या प्रकल्पाची जाळी किंवा छत त्यात पुन्हा रचून पाहा.

फॅब्रिकेशनचं मात्र वेगळं आहे. लेझर कापताना थोडं लाकूड जाळतो, त्यामुळे पडद्यावर अचूक बसणारी खाच हातात ढिली निघते. प्लायची जाडीही छापल्याप्रमाणे नसते. हे यंत्राशेजारी उभं राहूनच कळतं. म्हणून मला फॅब अकॅडमीची पद्धत पटते : अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांची व्याख्यानं ऑनलाइन, काम मात्र जवळच्या फॅब लॅबमध्ये, म्हणजे अशी यंत्रं असलेल्या कार्यशाळेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात अशी लॅब 2002 पासून आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. शुल्क भरण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

ज्या अभ्यासक्रमात यंत्राला हात लावायची सोयच नाही, त्याला फॅब्रिकेशनचं शिक्षण समजून पैसे भरू नका.