सुरेश भटांचे उत्तरकालीन संग्रह आणि असंग्रहित कविता : एक विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

एखाद्या कवीवर प्रेम करणारी माणसे एकत्र आली की त्याच्या उत्तम कवितांविषयी ती फार वेळ बोलत नाहीत. त्याबाबतीत सर्वांचे एकमत असते आणि एकमतावर गप्पा रंगत नाहीत. वाद रंगतो तो कवीच्या उण्या कवितांवरून आणि पुस्तकात न आलेल्या कवितांवरून. आपल्या नागपुरात सुरेश भटांचे चाहते कमी नाहीत. कॉलेजच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीवर, ग्रंथालयाच्या व्हरांड्यात, जिथे दोन गझलवेडे भेटतील तिथे दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला प्रश्न असा की, भटांचे नंतरचे संग्रह आधीच्या तोडीचे आहेत काय? दुसरा असा की, कवीने आपल्या हयातीत संग्रहात न घेतलेल्या कविता त्याच्या मागे छापाव्यात काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा थोडा क्रमवार विचार करावयाचा आहे.

प्रथम माहिती पाहू. सुरेश भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीस झाला. लहानपणीच पोलिओने त्यांचा उजवा पाय अधू झाला. १९५५ साली ते बी. ए. झाले. पुढे त्यांचे बरेचसे आयुष्य नागपुरात गेले आणि येथेच १४ मार्च २००३ रोजी त्यांचे निधन झाले. रेशीमबागेतील महानगरपालिकेच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले असून ते २०१७ साली खुले झाले. त्यांच्या हयातीत ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३), ‘झंझावात’ (१९९४) आणि ‘सप्तरंग’ (२००२) असे पाच संग्रह निघाले. निधनानंतर ‘रसवंतीचा मुजरा’ (२००७) आला.

या सनावळीकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. दोन संग्रहांमधील अंतर अनुक्रमे १३, ९, ११ आणि ८ वर्षांचे आहे. एक्केचाळीस वर्षांत फक्त पाच पुस्तके! ज्या कवीला मैफलीत श्रोते उठू देत नसत आणि ज्याची गाणी रेडिओवर रोज लागत, त्याला दरवर्षी एक पुस्तक काढणे अवघड नव्हते. त्याने तसे केले नाही. म्हणजे हा कवी लिहिलेले सर्व छापणारा नव्हता. हा मुद्दा दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी आपल्या उपयोगी पडेल.

आता पहिला प्रश्न. एक पक्ष म्हणतो की भटांचा कळस ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ या दोन संग्रहांत झाला. ‘झंझावात’पासून आवाज चढला, पण अर्थ पातळ झाला. दुसरा पक्ष म्हणतो की समाजातील ढोंग आणि अन्याय पाहून कवीचा स्वर चढला तर त्यात उणे काय? प्रेमाची हळवी गझल तेवढी चांगली आणि रोषाची वाईट, हा सुखवस्तू माणसांचा न्याय झाला. दोन्ही पक्षांना आपापल्या ओळी तोंडपाठ असतात, म्हणून वाद तासन्‌तास चालतो आणि शेवटी चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर संपतो.

माझ्या मते हा वाद सुटत नाही याचे कारण आपण मापच चुकीचे घेतो. आपण संग्रहाला संग्रह भिडवतो. गझलेचे माप संग्रह नव्हे, फार तर एक गझलही नव्हे. तिचे माप शेर हे आहे. कादंबरीतले एक प्रकरण फसले तर कादंबरी लंगडते. गझलेत तसे होत नाही. प्रत्येक शेर ही दोन ओळींची स्वतंत्र कविता असते. सात शेरांच्या गझलेत पाच सामान्य असून दोन अमर असू शकतात. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजलि’ १९३३ साली काढली आणि हे वृत्त मराठीत रुजविले, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु एकच भाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवला तर ती गझलेच्या चालीतली कविता होते. शेर सुटा उभा राहिला पाहिजे, हा आग्रह मराठीत ठामपणे धरला तो भटांनी.

त्यासाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. नव्या वाचकांसाठी तिचे सार थोडक्यात सांगतो. गझलेच्या शेरांना एकच वृत्त असते. प्रत्येक शेराच्या शेवटी जो शब्द बदलत नाही तो रदीफ. त्याच्या आधी यमकासाठी येणारा बदलता शब्द तो काफिया. काफियातील न बदलणाऱ्या अक्षराआधीचा जो स्वर सांभाळावा लागतो ती अलामत. समजा रदीफ ‘होता’ आहे आणि काफिये ‘वारा’, ‘तारा’, ‘किनारा’ असे आहेत. येथे ‘रा’च्या आधीचा ‘आ’ ही अलामत. कोणी मध्येच ‘पुरा होता’ म्हटले तर ‘रा’ जुळतो, पण अलामत मोडते. पहिल्या शेरात दोन्ही ओळींना काफिया व रदीफ असतात. त्याला मतला म्हणतात.

हे नियम कळले की उणा शेर ओळखण्यास सोपे जाते. उणेपण मला मुख्यतः तीन प्रकारचे दिसते. पहिला प्रकार भरतीच्या शेराचा. ‘किनारा’ हा काफिया हाताशी आहे म्हणून समुद्र आणला. समुद्राची गरज कवीला नव्हती, यमकाला होती. दुसरा प्रकार नुसत्या विधानाचा. चांगल्या शेरात पहिली ओळ काहीतरी मांडून ठेवते आणि दुसरी ओळ ते अनपेक्षितपणे उलगडते. दुसऱ्या ओळीने पहिलीचेच म्हणणे पुन्हा सांगितले तर टाळी मिळेल, पण शेर मनात राहणार नाही. तिसरा प्रकार पुनरावृत्तीचा. स्वतःचीच जुनी प्रतिमा कवी नव्या काफियात बसवतो. पहिल्यांदा जी ठिणगी होती ती चौथ्यांदा सवय होते.

या तीन कसोट्या घेऊन आम्ही तिघा मित्रांनी ग्रंथालयातून संग्रह आणले, आवडलेले शेर वहीत उतरवले आणि नंतर वह्या ताडून पाहिल्या. दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, गाजलेल्या संग्रहांतही भरतीचे शेर आहेत आणि ‘झंझावात’ व ‘सप्तरंग’ यांतही असे शेर आहेत की ते वाचून पुस्तक मिटून बसावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आधीच्या संग्रहांतल्या अनेक गझला आम्ही वाचत नव्हतो, मनातल्या मनात गात होतो! हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा किंवा आशाबाईंचा स्वर आमच्या कानात आधीच बसलेला होता. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांनी भटांचे शब्द घरोघर नेले. नंतरच्या संग्रहांतील बहुतेक गझलांना असे भाग्य लाभले नाही. मग एका पारड्यात शब्द अधिक चाल आणि दुसऱ्यात नुसते शब्द, असे वजन आपण करतो. हा न्याय नव्हे. चाल बाजूला ठेवून, सपाट आवाजात दोन्ही वाचावे आणि मग बोलावे.

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाणाऱ्याला वेळेची मर्यादा असते. तो गझलेतले तीनचार शेर निवडतो आणि उरलेले पुस्तकातच राहतात. ज्यांनी भटांना फक्त ऐकले आहे त्यांच्या दृष्टीने हे न गायलेले शेर अप्रकाशितच आहेत. ते शोधण्यास कोणाची जुनी वही नको, फक्त ग्रंथालयाचे कार्ड पुरे.

एवढे मान्य करूनही उत्तरकाळात सरासरी घसरली असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. त्याचे एक कारण मला असे दिसते की भटांनी स्वतःच गझल सोपी करून टाकली. त्यांनी नवोदितांना पत्रे लिहून शेर दुरुस्त करून दिले, एक पिढी घडवली. १९७४ साली जी रचना नवलाची होती ती १९९४ सालापर्यंत गावोगावचे तरुण करू लागले होते. गुरूचे नावीन्य शिष्यांनी वाटून घेतले. तेव्हा नंतरचे भट फिके वाटतात त्यात थोडा हात त्यांच्याच यशाचा आहे.

आता दुसरा प्रश्न : मागे राहिलेल्या कविता छापाव्यात काय? याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एक उत्तर देता येणार नाही, कारण मागे राहिलेली प्रत्येक कविता एकाच कारणाने मागे राहिलेली नसते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली प्रसिद्ध झाली. तेथे छापू नये असे म्हणणे म्हणजे मराठीचे केवढे नुकसान! गालिबची गोष्ट उलट आहे. त्याने आपला उर्दू दिवाण निवडून, पुष्कळ शेर टाकून देऊन १८४१ साली प्रसिद्ध केला. परंतु १८२१ सालचे त्याचे एक हस्तलिखित भोपाळला सापडले आणि १९२१ साली छापले गेले. गालिबने टाकलेले शेर जगापुढे आले. त्याने गालिब लहान झाला नाही. उलट तो किती निर्दयपणे स्वतःला गाळत होता हे कळले. पाश्चात्त्य संगीतातही हेच चालते. बीटल्स हा वाद्यवृंद १९७० साली फुटला. १९९५-९६ साली त्यांची मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे ‘अँथॉलॉजी’ या नावाने निघाली आणि जॉन लेननच्या जुन्या टेपवरचे एक गाणे तर नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४३ वर्षांनी बाहेर पडले. तेथील चाहतेही आपल्यासारखेच भांडतात.

तेव्हा तीन वर्ग करावेत : कवीला छापणे शक्य झाले नाही अशा रचना, कवीने जाणूनबुजून बाजूला ठेवलेल्या रचना, आणि राहून गेलेल्या रचना. तिन्ही छापण्यास हरकत नाही, परंतु कोणती कोणत्या वर्गातली हे स्वच्छ सांगितले पाहिजे. शक्य तेथे काळ, मूळ वही किंवा नियतकालिक नोंदवावे. भट आठदहा वर्षे थांबून गाळत, मग पुस्तक करीत. त्यांच्या मागे ती चाळणी राहिली नाही. चाळणी आपल्याजवळ नसेल तर निदान धान्याच्या पोत्यावर चिठ्ठी तरी असावी. नाहीतर मोबाईलवर आज जे चालले आहे तेच होईल. कोणाच्याही दोन ओळी घ्याव्या, खाली ‘सुरेश भट’ लिहावे आणि पुढे पाठवाव्या. त्यांतल्या पुष्कळांची अलामत पहिल्याच शेरात मोडलेली असते. ज्याने बाराखडी शिकवली त्याच्याच नावावर हे खपावे, याचे वाईट वाटते.

शेवटी एक मनातले सांगतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी पुस्तके नव्हती, पण रेडिओ होता. भटांची गाणी वडिलांना येतात. ती कोणाची हे त्यांना ठाऊक नव्हते. मोठ्या माणसाच्या लिहिण्यात खोट काढू नये, अशीच शिकवण आमच्याकडे आहे, आणि ती प्रेमातून आलेली आहे. त्यामुळे भटांचा एक शेर भरतीचा आहे असे वहीत लिहिताना माझा हात पहिल्यांदा अडखळला होता. परंतु विचार केल्यावर पटले की ज्यांची पुस्तके घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांनीच तेवढे बरेवाईट ठरवावे आणि आम्ही केवळ माना डोलवाव्यात, असा काही नियम नाही. भटांनी गझल चार जाणकारांच्या बैठकीतून उचलून सर्वांच्या हाती दिली, आणि सोबत तिचे मापही दिले. त्या मापाने नवशिक्याची गझल मोजायची आणि भटांची मात्र मोजायची नाही, हा काही त्यांचा सन्मान नव्हे.

म्हणून मित्रहो, वाद जरूर घालावा. फक्त वादाला बसताना गाण्याची आठवण घरी ठेवून संग्रह सोबत आणावा. ‘झंझावात’ आणि ‘सप्तरंग’ ग्रंथालयाच्या कपाटात बहुधा जागेवरच सापडतील. त्यांना मागणी कमी असते. एखादा शेर असा निघेल की जो अजून कोणी गायलेला नाही आणि जो तुम्हाला परीक्षा संपल्यावरही आठवत राहील. तो वहीत उतरवून घ्यावा आणि मला अवश्य दाखवावा.