हेराल्डला टायर घेताना

सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानं आटपाडी-खानापूरची माणसं देशभर पांगली. आमचे चुलते असेच तमिळनाडूत गेले आणि येताना एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड गावी घेऊन आले. मद्रासच्या कारखान्यात १९६१पासून बनलेली ही गाडी मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचा. पुढं १९६२ साली ट्रायम्फनं हिचीच चेसिस आखूड करून स्पिटफायर नावाची स्पोर्ट्‌स कार काढली. तेव्हा आमची गाडी स्पोर्ट्‌स कार नसली तरी त्या घराण्यातली नक्की. सुरुवातीला दोघींचे टायरही एकाच मापाचे होते, ५.२०-१३.

अशा गाडीला टायर घ्यायचे म्हटले की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातलं जे आमच्या माणदेशाच्या रस्त्यावर टिकलं, ते इथं लिहितोय. फियाट, ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप जपणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी आपला रस्ता बघा

आमची गाडी करगणी, दिघंचीपर्यंत जाते, खरसुंडीच्या यात्रेला जाते, फार तर भिवघाटातून विट्याला. डांबर, मुरूम, फुफाटा आणि बाभळीचे काटे असा हा सगळा मामला. इथं शर्यतीचा मऊ रबराचा टायर काय कामाचा? साठच्या पुढं वेगाचा काटा जात नाही. जाड नक्षी आणि दणकट बाजू असलेला साधा टायर इथं सरस ठरतो. पुण्या-मुंबईच्या शौकिनांनी काय बसवलंय ते जरूर बघावं, पण त्यांच्या रस्त्यासाठी आपण पैसे घालू नयेत.

२. माप स्वतः वाचायला शिका

५.२०-१३ यात पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. उंचीचं प्रमाण या जुन्या पद्धतीत लिहीतच नाहीत. टायरची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच उंच असते. आजच्या १४५/८० आर १३ मध्ये १४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के उंची, आर म्हणजे रेडियल आणि १३ इंची रिम. हिशेब केला तर टायरचा व्यास सुमारे ५६ सेंटिमीटर येतो. जुन्या टायरपेक्षा हा थोडा बुटका, त्यामुळं वेगाचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो. तेवढं चालतं. वॅगनआरच्या मागच्या पिढीला हेच माप येत असल्यानं टायर विट्या-सांगलीत मिळतो, ही मोठी सोय. पुढं ७५टी असं लिहिलेलं असेल तर एक टायर ३८७ किलो भार पेलतो. हेराल्ड जेमतेम आठशे किलोची, म्हणजे काळजी नाही.

फियाटचं मूळ माप ५.२०-१४, ॲम्बेसेडरचं ५.९०-१५. शेजारच्या गाडीला बसला म्हणून आपल्याला बसेल, असं धरून चालू नका.

३. रुंद टायरचा मोह आवरा

"मालक, १६५ टाका, गाडी भरल्यासारखी दिसती," असं दुकानदार म्हणतोच. हेराल्डची मूळ रिम साडेतीन इंची. तिच्यावर १४५ चालतो, पण १५५ला कमीत कमी चार इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि नक्षी मधोमध झिजते. शिवाय पॉवर स्टीअरिंग नाही. गाडी वळवताना दंड भरून येतात ते वेगळंच.

हेराल्डचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढं उलटतं. मेकॅनिक पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करतो. टायर घासतो का, हे बघायची यापेक्षा चांगली जागा नाही. बॉनेट उघडं ठेवून एकानं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं आणि दुसऱ्यानं टायर चेसिसला कुठं लागतो का ते बघावं. ही गाडी पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, म्हणजे चाक फारच आत जातं. सरळ उभ्या गाडीत मोकळा दिसणारा टायर पूर्ण वळणावर घासू शकतो.

४. क्रॉसप्लाय आणि रेडियल यांची खिचडी नको

जुन्या गाड्या क्रॉसप्लाय टायरवर तयार झाल्या. त्यात दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवे असतात. रेडियलचे दोरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जातात आणि नक्षीखाली पट्टा असतो. मिशलिननं याचं पेटंट १९४६ साली घेतलं. भारतात मोटारींचे रेडियल १९७७पासून बनू लागले. रेडियल रस्ता जास्त धरतो, त्यामुळं चारही टायर एकाच जातीचे हवेत. एका आसाला एक-एक तर कधीच नको. अगदी नाइलाज झाला तर रेडियल मागं, क्रॉसप्लाय पुढं. उलटं केलं तर वळणावर गाडीची शेपटी सुटते. आणि हेराल्डचं मागचं चाक आधीच नाजूक: मागचा आस मधून हलतो, भर वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की चाक आत मुडपायला बघतं. म्हणून नवे दोनच टायर परवडत असतील तर दोन महिने थांबा, पैसे साठवा आणि चार घ्या.

५. नक्षीआधी तारीख बघा

शौकाच्या गाडीचा टायर झिजून जात नाही, वय होऊन जातो. म्हणून सगळ्यात आधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर सन २०००च्या आधीचा; नक्षी कितीही कोरी असो, हात जोडून परत द्या.

विट्याच्या एका दुकानात माळ्यावरून काढलेले चार टायर पुढ्यात आले. काळ्या पॉलिशनं चकाकत होते, नक्षीची लवही जाग्यावर. मोबाइलचा उजेड पाडून नखानं पॉलिश खरवडलं, तर आकडे सात वर्षांपूर्वीचे. टायरची बाजू अंगठ्यानं दाबून वाकवली तशा केसाएवढ्या भेगा उघडल्या. दुकानदार म्हणाला, "वापरलेला नाही हो, नवाच हाय!" न वापरलेला होता हे खरं, नवा नव्हता. एक-दीड वर्षापेक्षा जुना टायर नवा म्हणून घेऊ नये. खाचा मारून नक्षी उकरलेला किंवा रिमोल्ड केलेला तर अशा गाडीला नकोच.

६. ट्यूबला कमी लेखू नका

जुन्या रिमला आतून ट्यूबलेसची कड नसते. हवा कमी झाली की टायर रिमवरून सुटतो. म्हणून मूळ रिमवर ट्यूबच टाका, तीही रेडियलला चालणारी आणि त्याच मापाची. टायर ट्यूबलेस असला तर आत चिकटवलेले कागदी स्टिकर आधी काढून टाका. ते ट्यूबला घासतात आणि महिन्या-दोन महिन्यांत बारीक पंक्चर काढतात. नव्या टायरात जुनी ट्यूब घालून दोनशे-तीनशे रुपये वाचवण्यात काही राम नाही.

७. काटा शोधायला फडकं वापरा

बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो. बाहेरून दिसत नाही, आतून टोक किंचित वर असतं. पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावतो, टायर चढवतो आणि गाव ओलांडायच्या आत हवा पुन्हा गायब. टायर उघडला की आतून जुन्या धोतराचं फडकं सगळीकडं फिरवायला सांगा. जिथं फडकं अडकेल तिथं काटा. बोट फिरवलं तर बोटातच घुसतो. आणि स्टेपनी बाकीच्या चौघांच्याच मापाची, हवा भरलेली असावी.

८. हवा सकाळी, पुस्तकाप्रमाणं

"तीस-तीस मारू का?" या प्रश्नाला हेराल्डवाल्यानं नाही म्हणावं. या गाडीला पुढं कमी आणि मागं चार-पाच पाउंड जास्त हवा लागते. आस मुडपू नये म्हणून ती तजवीज आहे. पंपावरच्या पोराला घाई असते, म्हणून आपलं मीटर आपल्याजवळ ठेवावं. हवा गार टायरमध्ये, सकाळी बघायची. चैत्र-वैशाखात दुपारी टायर तापून आकडा वर जातो. तो बघून हवा सोडली की रात्री टायर बसतो. जॅकवरून उतरवल्यावर हेराल्डची मागची चाकं फेंगडी दिसतात. गाडी थोडी पुढं-मागं ढकलली की ती जाग्यावर येतात. त्याआधी "अलाइनमेंट गेली" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

९. उभी गाडी टायर खाते

महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटा होतो. पंधरा दिवसांतून एकदा अर्धं चाक तरी पुढं सरकवा. पत्र्याच्या शेडच्या फटीतून रोज एकाच टायरवर ऊन येत असेल तर आड पोतं टांगा. टायर काळेभोर दिसावेत म्हणून डिझेल किंवा जळकं ऑइल फासू नका, रबर कुजतं.

१०. अस्सलपणाची हौस बेतानं

इंग्लंडात जुन्या नक्षीचे टायर आजही बनतात. फोटोत फार देखणे दिसतात. पण २०२०पासून बाहेरून टायर आणायला परवाना लागतो, आणि त्या खर्चात इथले दोन संच येतात. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याची गाडी तशी मांडून ठेवायची आहे, त्यानं हौस जरूर करावी. ज्याला ती चालवायची आहे, त्यानं चार सारखे, ताज्या तारखेचे, मूळ मापाजवळचे साधे टायर घ्यावेत आणि सहा वर्षांनी नक्षी शाबूत असली तरी बदलावेत.